प्रभारी गुरुजींची एम.ए.

कुरखेडा सोडून मालेवाड्याकडे निघालं की सती नदीकाठचं हे तालुक्याचं गाव लवकरच मागे पडतं. दोन्ही बाजूंना धानाचे बांध लागतात आणि बांधांमागे जंगल. मधूनच एखादं गाव येतं आणि त्यात जिल्हा परिषदेची शाळा असते. दोन-तीन खोल्या, अंगणात हातपंप, बाजूला पोषण आहाराची खोली, भिंतीवर पाढे. शिक्षक दोन. त्यांतला ज्येष्ठ तो मुख्याध्यापक, म्हणजे काम मुख्याध्यापकाचं आणि पद सहायक शिक्षकाचं. सहीच्या शिक्क्यावर मुख्याध्यापकाच्या आधी एक 'प्र.' असतो. प्र. म्हणजे प्रभारी.

या प्रभारी गुरुजींची, किंवा मॅडमची, सकाळ फळ्याजवळ सुरू होत नाही. आधी स्वयंपाकाच्या ताईंना तांदूळ मोजून द्यायचा: पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५०. मग मोबाइलला रेंज कुठे येते ते शोधून किती मुलं जेवणार याची नोंद ॲपवर भरायची. तोवर गटसाधन केंद्राच्या ग्रुपवर माहितीची मागणी आलेली असते, ती 'तात्काळ' आणि 'आजच'. दारात एखादा पालक उभा असतो. मुलाच्या जात पडताळणीसाठी त्याला आजोबांच्या नावाची शाळेतली नोंद हवी असते. जुनं दाखल-खारीज रजिस्टर कपाटातून काढायचं, जीर्ण पानं जपून उलटायची, नाव सापडलं तर उतारा द्यायचा. हे सगळं चालू असताना पहिली, दुसरी आणि तिसरी एकाच खोलीत बसलेली असते आणि आतून गोंगाट वाढत असतो.

आणि याच गुरुजींच्या पिशवीत कधी कधी एम.ए. (शिक्षणशास्त्र) या अभ्यासक्रमाचं पुस्तक सापडतं. विषय असतो शैक्षणिक व्यवस्थापन आणि नेतृत्व. शाळेत हाताखाली माणूस एक, तोही बरोबरीचा. मग नेतृत्वातली ही पदव्युत्तर पदवी नेमकी कशासाठी? 'शिक्षणातलं नेतृत्व' हा विषय हाती घेऊन गडचिरोली जिल्ह्याच्या या उत्तर टोकाला आलं की पहिला प्रश्न हाच पडतो. त्याचं उत्तर एका वाक्यात मिळत नाही, कारण पदवीचं अर्थकारण वेगळं आहे, शाळेचं वेगळं आणि जंगलाचं तिसरंच.

ज्येष्ठता यादी

मुख्याध्यापक होण्यासाठी महाराष्ट्रात नेतृत्वाची पदवी लागत नाही. लागतात वर्षं.

खाजगी अनुदानित शाळांचा कारभार १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीवर चालतो. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठी ती पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव मागते. या पाचांपैकी निदान दोन वर्षं बी.एड.नंतरची हवीत. या अटी पुरवणाऱ्यांमधून संस्थेनं निवडायचा तो सर्वांत ज्येष्ठ. म्हणून संस्थांच्या शाळांत भांडणं होतात ती ज्येष्ठता यादीवरून. प्रवर्ग कोणता, बी.एड. कधी झालं, नेमणुकीला मान्यता कोणत्या तारखेची, यांवर वर्षानुवर्षं न्यायाधिकरणात खटले चालतात. शाळा कशी चालवाल, हा प्रश्न त्या सगळ्या कागदांत कुठेच येत नाही.

जिल्हा परिषदेतही वळण हेच, फक्त शिडी लांब. सहायक शिक्षक, पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, शिक्षण विस्तार अधिकारी. पायरी चढायची ती बहुतेक वेळा सेवाज्येष्ठतेनं. ज्येष्ठतेची बाजू अगदीच लंगडी आहे असं नाही. यादी भिंतीवर लावता येते, तिच्यात वशिला घुसवणं अवघड जातं आणि ज्याला डावललं त्याला ते दाखवून देता येतं. 'नेतृत्वगुण पाहून नेमणूक' असं म्हटलं की तो गुण कोणाच्या डोळ्यांनी पाहायचा, हे गडचिरोलीतल्या शिक्षकांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एक खिडकी मध्यंतरी उघडल्यासारखी वाटली होती. १९९४ साली राज्यानं शाळांची केंद्रं केली आणि केंद्रप्रमुखांची ४,८६० पदं निर्माण केली. कोठारी आयोगानं साठच्या दशकात शाळा-संकुलांची कल्पना मांडली होती, तिचाच हा महाराष्ट्रीय अवतार. केंद्रप्रमुखानं हाताखालच्या शाळांत जाऊन शिकवणं पाहावं, अडलेल्या शिक्षकाला हात द्यावा, महिन्याची शिक्षण परिषद घ्यावी, असा हेतू होता. प्रत्यक्षात पदं रिकामी राहिली आणि एकेका माणसाकडे दोन-तीन केंद्रांचा भार आला. मग यातली काही पदं विभागीय स्पर्धा परीक्षेनं भरायची ठरलं आणि २०२३ मध्ये २,३८४ पदांची जाहिरात निघाली. शिक्षकांनी शिक्षणविषयक कायदे आणि नवे विचारप्रवाह यांची पुस्तकं घेतली, रात्री जागवल्या. परीक्षा ठरल्या वेळी झाली नाही. पुस्तकं मात्र घरात आली, आणि त्या शिक्षकांतल्या काहींचा मोर्चा त्यानंतरच एम.ए.कडे वळला.

दीडशेची रेघ

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात एक रेघ आहे. पहिली ते पाचवीत दीडशेहून अधिक मुलं असतील तर स्वतंत्र मुख्याध्यापक, सहावी ते आठवीत शंभराहून अधिक असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक. साठ मुलांपर्यंत शिक्षक दोन.

कायदा लिहिणाऱ्यांसमोर बहुधा मोठं गाव होतं. कुरखेडा आणि शेजारच्या कोरची तालुक्यातली वस्ती विखुरलेली, टोल्याटोल्यांची. एका टोल्यावर पंचवीस-तीस घरं. तिथे दीडशेचा पट पिढ्यानपिढ्या होणार नाही. कुरखेड्यासारख्या मोठ्या गावातल्या शाळेला मुख्याध्यापक मिळतो, आतल्या गावांना मिळतो तो प्रभार. बाहेरची मदत जिथे सर्वांत कमी पोचते आणि शाळा सांभाळणाऱ्याला सगळं एकट्यानं निभवावं लागतं, नेमकं तिथेच मुख्याध्यापकाचं पद नाही. वीसच्या आतल्या पटाच्या शाळांवर तर अस्तित्वाचीच टांगती तलवार आहे. देशभर पाहिलं तर एकशिक्षकी शाळा २०२४-२५ मध्ये एक लाखाहून अधिक होत्या.

याला जोडून बदल्यांचं गणित येतं. २०१७ च्या शासन निर्णयानं शाळांची विभागणी 'अवघड' आणि 'सर्वसाधारण' क्षेत्रांत झाली. अवघड क्षेत्रात ठरावीक वर्षं काढली की सर्वसाधारण क्षेत्रात येण्याचा हक्क मिळतो. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांना २००२ च्या निर्णयानुसार एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे वरच्या पायरीचा पगार मिळतो. या भागातल्या नोकरीला वेगळा मोबदला का, याचं उत्तर कुरखेड्याजवळच्याच रस्त्यावर आहे. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले.

बदलीचा हक्क न्याय्यच आहे. पण त्यानं होतं असं, की गावाची बोली कानाला सरावते, कोणत्या घरातली मुलगी लहान भावंडासाठी शाळा बुडवते ते कळू लागतं, आणि तेवढ्यात गुरुजींचा नंबर लागतो. नवा शिक्षक येतो. रजिस्टरं हातात पडतात, गाव पडत नाही.

निवडश्रेणीचा हिशेब

मग पदवी कशासाठी? शिक्षकांच्या गप्पांत याचं उत्तर लवकर येतं आणि त्यात लपवाछपवी नसते: निवडश्रेणी.

बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवडश्रेणी. या दुसऱ्या टप्प्याला नुसती वर्षं पुरत नाहीत, शैक्षणिक अर्हता वाढवावी लागते. डी.एड. झालेल्यानं पदवी घ्यायची, पदवीधरानं पदव्युत्तर. नोकरीच्या मधल्या वर्षांत कोणता विषय घ्यावा? इतिहासात एम.ए. करता येतं, मराठीत करता येतं, शिक्षणशास्त्रातही करता येतं. शिक्षणशास्त्र बरं, कारण निम्मी परिभाषा बी.एड.मध्ये कानावरून गेलेली असते. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. पगारवाढीसाठी शिकणारा माणूसही शिकतोच, निदान शिकण्याच्या वाटेला तरी लागतो.

ही काही गडचिरोलीची खासियत नव्हे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत शाळेचा प्राचार्य व्हायला परवाना लागतो आणि त्यासाठी सहसा पदव्युत्तर पदवी. म्हणून तिथे शैक्षणिक नेतृत्वाच्या एम.ए.चा मोठा बाजार आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजचे तेव्हाचे अध्यक्ष आर्थर लेव्हिन यांनी २००५ साली या अभ्यासक्रमांवर एक अहवाल लिहिला आणि आपल्याच बिरादरीची झोप उडवली. प्रवेश कोणालाही, अभ्यासक्रम विस्कळीत, शाळेशी संबंध तोंडदेखला, आणि विद्यार्थ्यांचा मोठा भाग वेतनश्रेणीतली वाढ मिळवायला आलेला, प्राचार्य व्हायला नव्हे. तिथल्या जिल्ह्यांचे पगाराचे तक्ते आणि आपली निवडश्रेणी यांचं गोत्र एकच आहे. फरक एवढाच की तिथे पदवी घेतल्यावर प्राचार्यपदाचं दार उघडतं. इथे पगार वाढतो, दार तिथेच राहतं.

त्यातच १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ बाकी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल. ज्यांची पाचांहून कमी वर्षं उरली त्यांची नोकरी शाबूत, पण पदोन्नती हवी तर परीक्षा द्या. वीस-वीस वर्षं शिकवलेल्या माणसांनी बालमानसशास्त्राचे बहुपर्यायी प्रश्न सोडवायला घेतले. सहशिक्षकांचे वर्ग कसे पाहावेत, हे शिकवणारं पुस्तक साहजिकच कपाटात मागे सरकलं.

वाटा, सगळ्याच लांबच्या

तरीही कोणी हट्टानं शिकायचं ठरवलंच, तर कुरखेड्याहून वाटा कोणत्या?

सरळ वाट एम.एड.ची. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. वर्गात ८० टक्के उपस्थिती, क्षेत्रकार्यात ९०. नोकरी करून हे होत नाही, अध्ययन रजा काढावी लागते. राज्याच्या १९८१ च्या रजा नियमांत ती रजा आहे. पाच वर्षांच्या सेवेनंतर एका वेळी साधारण बारा महिने, साऱ्या नोकरीत मिळून चोवीस. कागदावर हिशेब जमतो: दोन वर्षांचा अभ्यासक्रम, दोन वर्षांची रजा. पण दोन शिक्षकी शाळेतून एकानं रजेवर जायचं म्हणजे पाच इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात बांधायच्या. मंजुरीची सही करणाऱ्यालाही हे दिसत असतं. जिथे शिक्षक पुष्कळ, तिथल्याच शिक्षकाला ही रजा परवडते.

गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांसाठी २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झालं, कुरखेड्यातही श्री गोविंदराव मुनघाटे कला व विज्ञान महाविद्यालय आहे. या भागातल्या मुलांच्या पदवीची सोय त्यामुळे पुष्कळ जवळ आली. नोकरी सांभाळून शिक्षण-व्यवस्थापन शिकू पाहणाऱ्या शिक्षकाची गरज मात्र निराळी, त्याला मुक्त विद्यापीठाकडेच वळावं लागतं.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. त्याची शालेय व्यवस्थापन पदविका, म्हणजे शिक्षकांच्या बोलण्यातली 'डी.एस.एम.', खेड्यापाड्यांतल्या मुख्याध्यापकांनी मोठ्या संख्येनं केली. माध्यम मराठी, उदाहरणं इथल्या शाळांची, भाषा सेवापुस्तिकेला जवळची. दर्जाबद्दल मतभेद असू शकतात, पण अंदाजपत्रक, शालेय अभिलेख, विभागीय चौकशी या गोष्टी मराठीतून सलग कुठे वाचायला मिळाल्या असतील तर तिथेच.

दुसरं दार दिल्लीचं. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या एम.ए. शिक्षणशास्त्रात शैक्षणिक व्यवस्थापन हा विशेष गट घेता येतो. शैक्षणिक व्यवस्थापनाचा विकास, त्याचे पैलू, संघटनात्मक वर्तन, संस्था व्यवस्थापन असे त्यातले विषय. जोडीला संशोधनपद्धती आणि लघुप्रबंध. मुदत किमान दोन वर्षं, कमाल चार. पुस्तकं इंग्रजीत किंवा हिंदीत. कोरचीच्या बाजूला छत्तीसगढी कानावर पडत असल्यानं या भागाला हिंदी परकी नाही, पण पुस्तकी हिंदी हा निराळाच प्राणी आहे. 'अभिप्रेरणा' आणि 'प्रत्यायोजन' यांच्याशी झुंजताना काही जण इंग्रजी पुस्तकच बरं म्हणतात. झाडीबोलीत बोलणारे, मराठीत शिकवणारे, गोंडी समजून घेणारे गुरुजी उत्तरपत्रिका हिंदीत लिहितात. चार भाषांचा हा उंबरठा ओलांडून पदवी येते. नियमित आणि दूरस्थ पदव्या समकक्ष आहेत, हे विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. तरीही 'बाहेरून केलं का?' हा प्रश्न काही चुकत नाही.

तिसरी वाट अरुंद. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं २००६ मध्ये प्राथमिक शिक्षणातली एम.ए. सुरू केली. काही आठवडे मुंबईत वर्ग, मग परत आपल्या कामावर आणि तिथून स्वाध्याय. शाळांत आणि शैक्षणिक संस्थांत काम करणाऱ्यांसाठीच ती घडवली होती. अभ्यास कसदार. पण मुंबईतले आठवडे, इंग्रजी वाचन आणि फी या तिन्ही चाळण्यांतून आतल्या गावातला जिल्हा परिषदेचा शिक्षक क्वचितच खाली उतरतो.

पदवी नसलेलं प्रशिक्षण मात्र उदंड आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत २०१२ साली शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र निघालं, त्याचा आराखडा सात क्षेत्रांचा: नेतृत्वाकडे पाहण्याची दृष्टी, स्वतःची घडण, अध्ययन-अध्यापनातला बदल, संघबांधणी, नवोपक्रम, समाजाशी भागीदारी आणि प्रशासन. राज्याची अशीच संस्था छत्रपती संभाजीनगरला आहे. मग 'निष्ठा' हे प्रशिक्षण, 'दीक्षा' हे पोर्टल, त्यांचे ऑनलाइन वर्ग आणि शेवटी प्रमाणपत्र. रेंज असलेल्या टेकडीवर मोबाइल ठेवून व्हिडिओ पुढे सरकू द्यायचा, हे तंत्र सर्वांनाच साधलं आहे. त्याला शिकणं म्हणायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

पुस्तकातला व्यवस्थापक

व्यवस्थापनाच्या पुस्तकांचा आरंभ बहुधा फ्रेडरिक टेलरपासून होतो. कारखान्यातला कामगार एका पाळीत किती लोखंड उचलतो याचं मोजमाप करणारा हा माणूस. मग हेन्री फेयॉल, मॅस्लोची गरजांची उतरंड, मॅकग्रेगरचे क्ष आणि य सिद्धांत. प्रश्न ठरलेले, उत्तरंही ठरलेली. या साऱ्या विचारामागे एक चित्र आहे: वर एक साहेब, खाली पुष्कळ माणसं, आणि साहेबाची अडचण अशी की माणसांकडून काम कसं करून घ्यायचं.

दोन शिक्षकी शाळेत हे चित्र उलटं होतं. वर पुष्कळ साहेब, खाली एक माणूस. प्रभारी गुरुजींना काम करून घ्यायचं असतं ते हाताखालच्यांकडून नव्हे. स्वयंपाकाच्या ताईंचं मानधन थकलं तरी चूल पेटती राहावी, ग्रामपंचायतीनं वीजबिल भरावं, वनरक्षकानं मुलांना जंगलातल्या फेरीसाठी सोबत करावी, रजेवरून सहकारी वेळेत परतावा. यांतल्या एकावरही त्यांचा अधिकार चालत नाही. चालते ती ओळख, शब्द आणि थोडी चिकाटी. याला व्यवस्थापनशास्त्रात नाव आहे, पण त्याचं प्रकरण पुस्तकात शेवटाकडे येतं आणि परीक्षेत पर्यायाला पडतं.

अभ्यासक्रमाच्या बाजूनंही काही बोललं पाहिजे. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नेतृत्वाच्या परिणामावरची बरीच संशोधनं एकत्र तपासली. मोठं स्वप्न दाखवून माणसांना प्रेरणा देणारं नेतृत्व आणि प्रत्यक्ष शिकवण्यात हात घालणारं नेतृत्व, यांत दुसऱ्याचा मुलांच्या शिकण्यावरचा परिणाम तिप्पट-चौपट दिसला. त्यातही सर्वांत प्रभावी ठरलं ते प्रमुखानं शिक्षकांच्या बरोबरीनं स्वतः शिकायला बसणं. हे वाचलं की दोन शिक्षकी शाळा एकदम गरीब वाटेनाशी होते. इथला प्रमुख वर्गाबाहेर पडूच शकत नाही, त्याला शिकवावंच लागतं. शहरातल्या मोठ्या शाळेच्या प्राचार्याला जे ठरवून करावं लागतं, ते इथे नाइलाजानं घडतं. पोषण आहार, पोर्टल आणि दाखले यांतून वेळ उरला तर. हा 'तर' फार मोठा आहे आणि कोणत्याही एम.ए.ला तो हटवता आलेला नाही.

मोहफुलांच्या दिवसांत

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळू लागतो. पहाटे अंधारात घरंच्या घरं जंगलात जातात, मुलंही टोपल्या घेऊन. शाळेची घंटा होते तेव्हा निम्मा वर्ग मोहाखाली असतो. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, मोठ्या मुली घरी लहानग्यांपाशी किंवा बांधीत. मे महिन्यात तेंदूपत्ता, पण तेव्हा सुट्टी असते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई आणि रात्रभर झाडीपट्टीचं नाटक, दुसऱ्या दिवशी वर्गात पेंग. गैरहजेरीचं हे कॅलेंडर कोणत्याही परिपत्रकात नाही. ते ज्याला पाठ आहे तो चाचणी कधी घ्यावी, नवा धडा कधी काढावा, पालकसभा कोणत्या दिवशी ठेवावी हे ठरवू शकतो.

कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. पुष्कळ ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरते. पण गडचिरोलीत एक वेगळं भांडवल आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पाठोपाठ जिल्ह्यातल्या शेकडो गावांना. कुरखेड्यात १९८४ पासून काम करणाऱ्या 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' या डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांच्या संस्थेनं या भागात ग्रामसभांच्या बांधणीला हातभार लावला. शेजारच्या कोरचीत ग्रामसभांची महाग्रामसभा उभी राहिली. तेंदूपत्त्याचा लिलाव करायचा, ठेकेदाराशी करार करायचा, मजुरी वाटायची, बँकखातं आणि ताळेबंद ठेवायचा, ही कामं गावची माणसं आता स्वतः करतात. त्यांच्यात शाळा अर्धवट सोडलेले पुष्कळ.

शाळेला मिळणारं समग्र शिक्षाचं वार्षिक अनुदान तीस मुलांपर्यंत दहा हजार रुपये, शंभरपर्यंत पंचवीस हजार. ग्रामसभेच्या खात्यातून एका हंगामात याच्या कैकपट रक्कम फिरते. म्हणजे नियोजन, हिशेब आणि वाटाघाटी कोळून प्यायलेली माणसं शाळेच्या कुंपणाबाहेरच बसलेली आहेत. शाळा आणि ग्रामसभा एकमेकींशी बोलतात का, हे बहुतेक वेळा एका माणसाच्या स्वभावावर ठरतं. तो माणूस म्हणजे प्रभारी गुरुजी.

कधी हे बोलणं फार पुढे जातं. धानोरा तालुक्यातल्याच मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली: पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल. आदिवासी क्षेत्रांसाठीच्या पाचव्या अनुसूचीचा आणि पेसा कायद्याचा आधार त्यांनी घेतला. शिक्षण विभागानं ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. शाळेचा प्रमुख कोण, पदवी कोणती, मान्यता कुणाची, हे सारे प्रश्न तिथे एका गावानं मुळापासून विचारले. नेतृत्वाच्या पाठ्यपुस्तकात 'समाजाशी भागीदारी' म्हणून जे प्रकरण असतं, त्यात समाज हा मदतीला बोलवायचा पाहुणा असतो. मोहगावात समाज यजमान झाला.

दुसऱ्या टोकाला एटापल्ली तालुक्यातलं जाजावंडी. तिथले जिल्हा परिषदेचे शिक्षक मंतैय्या बेडके यांना २०२४ चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. एकेरी आकड्यावर आलेला पट त्यांच्या काळात शंभरावर गेला. त्याआधी २०२१ मध्ये सिरोंचा तालुक्यातल्या आसरअल्लीच्या खुर्शीद शेख यांना हाच पुरस्कार मिळाला होता. पुरस्कारांवर सगळं तोलू नये हे खरं. पण पट वाढणं ही जंगलातल्या गावात हजेरीपटापुरती गोष्ट नसते. आश्रमशाळेत जाणारं मूल घरी राहून शिकू लागलं, आईबापांनी शाळेवर भिस्त ठेवली, असा त्याचा अर्थ होतो. दूरच्या वसतिगृहात सहा वर्षांचं मूल ठेवून परत फिरताना या भागातल्या बायांचं काय होतं, ते एस.टी.च्या थांब्यावर जून महिन्यात दिसतं.

लघुप्रबंधाचा विषय

एम.ए.चा एक भाग मात्र कुरखेड्यात खरोखर कामी येण्यासारखा आहे, आणि तो म्हणजे विद्यार्थी ज्याला सर्वांत जास्त भितात तो लघुप्रबंध.

आजवरचा रिवाज असा की विषय सुरक्षित घ्यायचा. 'अमुक तालुक्यातील मुख्याध्यापकांच्या नेतृत्वशैलीचा शिक्षकांच्या कार्यसमाधानावरील परिणाम'. तयार प्रश्नावली आणायची, पन्नास-शंभर शिक्षकांकडून शिक्षण परिषदेच्या दिवशी भरून घ्यायची, टक्केवारी काढायची, आणि 'लोकशाही शैली श्रेष्ठ' हा निष्कर्ष काढून बांधणीला द्यायचं. ज्या तालुक्यात बहुतेक शाळांना मुख्याध्यापकच नाही, तिथेही हा निष्कर्ष निघतो!

खरे विषय हजेरीपटात पडलेले आहेत. मागच्या पाच वर्षांची महिनावार उपस्थिती काढली तर मोहाचा आणि रोवणीचा खड्डा रेघेत दिसेल. कोणत्या शाळेत तो उथळ आहे आणि तिथे गुरुजींनी काय केलं? पहिलीत गोंडीतून सुरुवात केलेली मुलं दुसरीच्या शेवटी मराठी कशी वाचतात? प्रभारी मुख्याध्यापकाच्या एका आठवड्यातले किती तास वर्गात जातात आणि किती कागदांत, हे घड्याळ लावून कोणी मोजलंय का? रामगड किंवा येंगलखेड्याच्या शासकीय आश्रमशाळेत रात्री मूल आजारी पडलं तर निर्णय कोण घेतं, मुख्याध्यापक, अधीक्षक की जो जागा असेल तो? असा एकेक प्रबंध तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचला तर परिपत्रकांची भाषा थोडी तरी बदलेल. तशी व्यवस्था मात्र आज कुठे नाही. प्रबंध विद्यापीठाकडे जातो, गुण येतात, आणि त्यातली माहिती ज्यांना उपयोगी पडली असती ते पुन्हा 'तात्काळ' म्हणून तीच माहिती मागवतात.

अडचण मार्गदर्शकाची असते. आराखड्यावर त्याची सही लागते आणि तो बहुधा गडचिरोलीला, चंद्रपूरला किंवा नागपूरला असतो. नागपूरला जायचं तर एस.टी., किंवा वडशाला जाऊन गाडी. जिल्ह्यातल्या रेल्वेची सोय वडशालाच. मार्गदर्शकाला मोहफुलांचा विषय संशोधनाचा वाटला नाही, तर तीच जुनी प्रश्नावली परत येते.

प्रवेशाचं गणितही धानाच्या हंगामाशी जुळवावं लागतं. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात जुलै आणि जानेवारी अशी दोन सत्रं असतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. जुलै म्हणजे पटनोंदणी, नवी पुस्तकं, गणवेश, सगळ्या पोर्टलांवरची नव्यानं भरायची माहिती आणि घरी रोवणी. नाल्यांना पूर आला की रस्तेही बंद. जानेवारीपर्यंत धान घरात आलेलं असतं, बोनसचे पैसे जमा झाले तर फी भरता येते, आणि स्वाध्याय लिहायला थंडीच्या रात्री मोठ्या असतात. सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. जूनची टाळायची, कारण नेमकी तेव्हाच बदल्यांची यादी लागण्याची शक्यता असते, आणि दोन वर्षं ज्या शाळेची माहिती गोळा केली ती शाळाच हातची जाऊ शकते.

म्हणून जाणती माणसं नव्या उमेदवाराला फी आणि पुस्तकं यांच्याही आधी विचारतात ते हे: या शाळेवर तुमची अजून किती वर्षं बाकी आहेत?